उशीर वजा करणाऱ्या मॅडम

मॅडमनी मला कामं पुष्कळ दिली, पण त्यातलं एक त्यांनी स्वतःसाठी दिलं होतं. त्या चुकायला लागल्या की ते त्यांना तोंडावर सांगायचं. मालकांना नाही, घरी भावाला नाही, आधी त्यांना. "आणि गोड करून नक्को सांगू," असंही वर बजावलं होतं. मी हो म्हणून मोकळी झाले. मॅडम चुकतील हे मला तेव्हा सूर्य पश्चिमेला उगवण्यापैकी वाटत होतं, आणि नुसतं हो म्हणायला कुणाचं काय जातं?

चिकलठाण्याच्या एमआयडीसीत आमची लहानशी कंपनी आहे. उपग्रहांकडून येणारे संदेश पकडून त्यावरून वेळ आणि ठिकाण सांगणारी यंत्रं तिथं बनतात. रिसीव्हर म्हणतात त्यांना. आम्ही आपली पेटी म्हणायचो. पेट्या जोडणारे लोक खाली शेडमध्ये, आणि वरच्या मजल्यावर एक बंद खोली, जाड रबराची पट्टी लावलेल्या दाराची. त्या खोलीत मॅडम. प्रत्येक पेटी त्यांच्या हाताखालून जायची आणि त्यांची सही झाल्याशिवाय तिला जिना उतरता येत नसे. त्या आधी कॉलेजात फिजिक्स शिकवायच्या. रोशन गेटकडं धाकट्या भावाच्या घरात राहायच्या. लग्न केलं नव्हतं. का, ते विचारायची कुणाची छाती नव्हती. मी एकदा विचारलंच. "राहून गेलं," एवढंच म्हणाल्या आणि केबल गुंडाळायला लागल्या.

मी पहिल्यांदा त्यांना भेटायला गेले ती मे महिन्यातली भर दुपार होती. करमाडहून काळी-पिवळी जीपमध्ये चेपून आलेली, डोक्याला ओढणी, अंगाची नुसती भट्टी झालेली. दारावर कडुबा होता. तो कंपनीचा वॉचमन. बायकोसह गेटमागच्या खोलीतच राहतो. त्यानं मला खोलीबाहेरच्या बाकावर बसवलं.

"बसा ताई. थंड व्हा."

"पाणी प्यायलेय मी," मी म्हटलं.

"पाण्यानं नाय व्हत ते. अंगातली गरमी जायला पाहिजे. मॅडमचा कायदा हाय."

मला वाटलं, हा थट्टा करतोय. पण तो कायदा खराच होता. त्या खोलीतली हवा बारा महिने एकसारखी गार ठेवलेली असायची, कारण उन्हातान्हाचा माणूस आत शिरला तर त्याच्या अंगाची ऊब पेट्यांना आणि केबलींना लागते आणि आकडे सरकतात, असं मॅडमचं म्हणणं. मालक असोत, गिऱ्हाईक असो, नाहीतर सरकारी पाहुणा असो, बाकावर बसून निवल्याशिवाय आत प्रवेश नाही. आणि स्वतः मॅडम आत मरून रंगाचा लोकरी स्वेटर घालून बसलेल्या. अख्खं संभाजीनगर उन्हानं वितळत असताना ही बाई स्वेटरच्या बाह्या खाली ओढत जिन्यावरून उतरायची. नवीन पोरं तोंडावर रुमाल धरून हसायची. पहिल्या दिवशी मीही हसले.

आत बोलावल्यावर त्यांनी माझी मार्कशीट बाजूला सारली आणि विचारलं, "किती वाजले?"

मी मोबाईल बघून सांगितलं.

"कशाच्या मानानं?"

"मोबाईलच्या."

"आणि मोबाईल कुणाच्या मानानं?"

"टॉवरच्या असंल."

"टॉवर?"

माझा स्वभाव मुळात तिखट, त्यात उपाशीपोटी. मी म्हटलं, "मॅडम, असं विचारत गेलं तर देवापर्यंत जाऊन पोचू आपण."

त्यांनी तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडं नीट पाहिलं. "हौ," त्या म्हणाल्या, "पण मध्ये बरीच स्टेशनं आहेत. बस. शिकवते."

नोकरी लागली ती अशी.

त्यांनी शिकवलं ते मी माझ्या शब्दांत सांगते. आभाळातून संदेश येतो तो गच्चीवरच्या अँटेनावर. तिथून केबलीतून खाली उतरतो, पेटीत शिरतो, आतल्या तारा-चकत्यांमधून फिरतो आणि मग कुठं पेटी म्हणते, आला. या घरातल्या घरात फिरण्यात त्याला उशीर होतो. उशीर इतका बारीक, की तेवढ्यात उजेडसुद्धा फार तर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जाईल. पण पेटीला तोही कळायला हवा, कारण तो वजा केल्याशिवाय ती सांगेल ती वेळ खोटी. शिवाय संदेश रेडिओच्या दोन पट्ट्यांवर येतात, आणि दोन्हींचा उशीर सारखा नसतो. गंमत अशी, की पेटीला स्वतःचा उशीर स्वतः मोजता येत नाही. जिचा उशीर ठाऊक आहे अशी दुसरी पेटी शेजारी ठेवायची, दोघींना एकाच आभाळाखाली बसवायचं आणि दोघींच्या सांगण्यातला फरक काढायचा. त्या दुसरीचा उशीर कसा ठाऊक? तीही कधीतरी कुणाच्या शेजारी बसलेली असते म्हणून. आमच्या पेट्या जिथं देशाची वेळ राखतात अशा ठिकाणी जायच्या, किंवा हवेच्या अगदी वरच्या थरावर नजर ठेवणाऱ्या केंद्रांवर. आमची चूक झाली तर कुणी मरणार नव्हतं. मॅडम म्हणायच्या, तेच वाईट. कुणी मेलं तर लोक शोधतात तरी. ही चूक वर्षानुवर्षं मुकाट बसून राहते आणि तिच्यावर लोक मजले चढवत जातात.

'कशाच्या मानानं' हे त्यांचं पालुपद होतं. 'बरोबर' हा शब्द त्या वापरत नसत आणि दुसऱ्यानं वापरला की हटकत. मालक मोठ्या खुशीत येऊन म्हणायचे, "मॅडम, यंदा काम चांगलं चाललंय." त्यावर, "कशाच्या मानानं?" मालकांचा चेहरा उतरायचा. कडुबा म्हणायचा, "लई ऊन हाय आज." त्यालाही तेच. तो बिचारा जालन्याचं नाव सांगून सुटायचा. माझ्या लग्नाची बोलणी मोडली तेव्हा मी रडतरडत सांगितलं की मुलाकडचे म्हणाले, मुलगी जरा सावळीच आहे. मॅडमनी चष्मा वर केला. "कशाच्या मानानं?" त्यांनी विचारलं, आणि मला रडता रडता हसू फुटलं.

केबल ओलांडायची नाही, हा दुसरा कायदा. जमिनीवरून गेलेल्या केबलवर पाय पडला तर माणसाला पाय लागल्यावर करतो तसा नमस्कार करायचा. त्या स्वतःही हात लावून कपाळाला न्यायच्या. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "वाकून हात लावला की ती कुठं दुमडलीय का ते हाताला कळतं." केबल काखेत धरून, मोठ्या मोठ्या वेटोळ्यांत, बाळंतिणीनं बाळ धरावं तशी न्यायच्या. तिला करकचून गुंडाळलेलं त्यांना खपत नसे. पेटी, केबल आणि अँटेना एकदा एकत्र मोजली की त्यांची ताटातूट करायची नाही. तिन्हींचा उशीर एकत्र मोजलेला असतो, त्यातली केबल बदलली की सगळं मुसळ केरात. विक्रीतल्या एका मुलानं केबल आखूड पडते म्हणून दुसरी लांब जोडून पेटी पाठवली होती. मॅडमनी त्याच्यावर आवाज चढवला नाही. त्याला बाकावर बसवला आणि विसरून गेल्यासारखं दुपारभर तिथंच ठेवला. परत त्यानं केबलीला हात लावला नाही.

एका उन्हाळ्यात आमच्या दुपारच्या आकड्यांना ताप यायला लागला. सकाळी सगळं शांत, दुपारी उड्या, ऊन कललं की पुन्हा शांत. आम्ही जोड तपासले, पेट्या बदलल्या, हवेचं यंत्र उघडून बघितलं. मॅडमना माझा संशय यायला लागला आणि मला मॅडमच्या स्वेटरचा. शेवटी मी वैतागून गच्चीवर गेले, तर तिथं अँटेनाच्या खांबाभोवती स्टीलच्या पराती आणि पत्रे मांडलेले आणि त्यांवर कुरडया वाळत घातलेल्या. कडुबाच्या बायकोचं, सुमनमावशींचं वाळवण. आमच्या गच्चीवर कुणी येत नाही, धूळ नाही, ऊन चांगलं, म्हणून त्यांनी ती जागा हेरलेली. आभाळातला संदेश अँटेनावर सरळही पडत होता आणि त्या परातींवर आपटून, वळसा घेऊनही येत होता. पेटी बिचारी दोन्ही ऐकत होती.

मी सुमनमावशींवर अशी काही तुटून पडले की त्या पदराचा बोळा तोंडाला लावून उभ्या राहिल्या. तेवढ्यात मॅडम वर आल्या, उन्हात, स्वेटरसकट. उकिडव्या बसल्या, एक अर्धी ओली कुरडई मोडून तोंडात टाकली.

"मीठ कमी पडलं, सुमन," त्या म्हणाल्या.

"व्हय मॅडम, जरा कमीच झालंय."

"कपड्यावर घाल. कपडा चालतो. स्टील नक्को. आणि त्या कोपऱ्यात घाल."

दुसऱ्या दिवशी त्यांनी घरून जुनी सुती चादर आणून दिली. तेव्हापासून आमच्या खोलीत एक नवीन भाषा सुरू झाली. आकडा एकदा बिघडला की मॅडम विचारायच्या, "कबुतर का वाळवण?" कबुतर अँटेनावर बसतं, एक आकडा नासवतं आणि उडून जातं. त्याचं काही मनावर घ्यायचं नाही. वाळवण मात्र दुसऱ्या दिवशी ऊन आलं की पुन्हा येतं.

ते मघाशी म्हटलेलं काम त्यांनी मला दिलं ते असंच बाकावर डबा खाताना. आत डबा उघडायला बंदी होती. ईद होऊन दोन-चार दिवस झाले होते आणि त्यांनी माझ्यासाठी बरणीतून शीरखुर्मा आणला होता. मी चाटून पुसून खात होते. त्या समोरच्या भिंतीकडं बघत होत्या.

"अम्मी शेवटी शेवटी सगळं विसरायची," त्या म्हणाल्या. "आधी मीठ दोनदा घालायची. मग भावाचं नाव विसरली. मग घराचं दार. पण बेटा, तिला शेवटपर्यंत असंच वाटत होतं की ती ठीक आहे आणि घरातले बाकीचेच चुकतायत."

मी चमचा खाली ठेवला.

"पेटीला आपला उशीर कळत नाही," त्या म्हणाल्या. "मलाही कळणार नाही. मला तुझ्या शेजारी बसव."

"मॅडम, दोघीच असल्या तर फरक तेवढा कळतो. कोण चुकलं ते कळत नाही. तुम्हीच सांगितलंय."

"हौ. त्याला तिसरा लागतो. ते त्या वेळी बघू. तू फक्त सांगायचं. सांगशील ना?"

मी हो म्हटलं आणि बरणी धुवायला गेले.

मग दर शनिवारी आमचा खेळ सुरू झाला. एकाच पेटीच्या एकाच नोंदींवरून दोघींनी आपापला हिशेब करायचा. मग पांढऱ्या फळ्याच्या दोन टोकांना, एकमेकींकडं पाठ करून, आपला आकडा लिहायचा आणि वळायचं. पहिली काही वर्षं चूक निघाली की ती माझीच. "लक्ष कुठंय? पोरगा बघायला आला होता का?" असं म्हणून त्या स्वेटरच्या बाहीनं माझा आकडा पुसायच्या. पुढं पुढं आमचे आकडे जुळायला लागले. वळून बघितलं की दोन्हीकडं तेच. मॅडम त्या शनिवारी मला लवकर घरी सोडत. मला तो खेळ इतका आवडायचा की तो कशासाठी मांडलाय हे मी विसरूनच गेले होते.

एका दिवाळीच्या आसपास वळून बघितलं तर दोन आकडे वेगळे. मॅडमनी उशीर वजा करायच्या जागी मिळवला होता. आमच्या धंद्यातली ही सगळ्यात ओळखीची चूक, कुणाच्याही हातून होते, आणि वाईट अशी की चूक उशिराएवढीच राहत नाही, दुप्पट होते. पण मॅडमच्या हातून ती मी कधी बघितली नव्हती. कॉलेजात त्यांनी पोरांना ओरडून ओरडून शिकवलेलं वाक्य होतं ते, उशीर वजा होतो, नेहमी वजा. त्या हसल्या. "कबुतर," म्हणाल्या आणि पुसून टाकलं.

पुढचे काही शनिवार नीट गेले. मग पुन्हा तेच.

आता मी डोळे उघडे ठेवून बघायला लागले, आणि दिसू नये ते दिसायला लागलं. विक्रीतला एक माणूस त्यांच्याशी बोलून बाहेर आला, विसरलेला कागद घ्यायला परत गेला, तर मॅडमनी त्याला नवा समजून बाकावर बसवला. लोक हसले. मला हसू आलं नाही. एका सकाळी त्या स्वेटर न घालता खोलीत बसल्या होत्या, हात काखेत घालून कुडकुडत. मी स्वेटर खुंटीवरून काढून दिला तेव्हा म्हणाल्या, "अरे हौ, मी म्हणतेय थंडी कायकू वाजतेय." आणि सुमनमावशी एकदा जिन्यात मला थांबवून हळूच म्हणाल्या, "ताई, मॅडमनी काल मला नाव इचारलं. इतकी वर्सं सुमन सुमन करतेत."

तरी मी थांबले. घाबरून थांबले हे खरंच, पण नुसतं तेवढंच नव्हतं. दोघींतल्या फरकावरून दुसरीला दोष द्यायचा नाही, हे त्यांनीच माझ्या हाडीमासी भिनवलेलं. मला तिसरा हवा होता.

तो जानेवारीत आला. देशातल्या मोठ्या प्रयोगशाळेचा एक फिरता संच असतो. स्वतःची अँटेना, स्वतःची केबल, स्वतःची पेटी, सगळं एका ट्रंकेत. तो या गावाहून त्या गावाला जातो, प्रत्येक ठिकाणच्या पेट्यांशेजारी बसतो आणि परत घरी जाऊन आपण वाटेत बिघडलो नाही ना हे तपासून घेतो. कडुबा त्याला जावई म्हणायचा, कारण त्याचा मान तसाच असे. त्याच्या ट्रंकेवर काही ठेवायचं नाही, त्याच्या केबलीला कुणी बोट लावायचं नाही. त्याच सुमाराला एका लांबच्या केंद्रासाठी आमचा एक संच तयार झाला होता. मॅडमनी त्याचा उशीर काढला, सही केली, खोकं बंद झालं. गाडी दुसऱ्या दिवशी येणार होती. खोकं निघण्याआधी मी त्या संचाच्या नोंदी जावयाशेजारी लावून बघितल्या. जावई आणि मी एका बाजूला. मॅडमचा आकडा शेवटच्या अंकापर्यंत आमचाच, फक्त चिन्ह उलटं.

मी मालकांना विचारायला गेले नव्हते, खोकं थांबवायला सांगायला गेले होते. पण मालक हुशार माणूस, माझ्या तोंडावरून ओळखलं. दार लावून घेतलं आणि माझ्यासाठी चहा मागवला.

"तुम्ही दुरुस्त करून टाका," ते म्हणाले. "सही त्यांचीच राहू द्या. लोक त्यांची सही बघून डोळे झाकून पेट्या घेतात. तुम्ही मागून बघत जा. त्यांना कळायची काय गरज आहे? त्यांचं दुसरं आहे कोण या खोलीशिवाय?"

मालकांना मी नावं ठेवणार नाही. त्यांनी ते मायेनंच सांगितलं. करमाडला पोचेपर्यंत मला तो विचार गोड लागत होता. मॅडम स्वेटर घालून येतील, लोकांना बाकावर बसवतील, सही करतील, आणि मी मागून पुसत जाईन. त्यांना कधी कळणार नाही. आणि तिथंच तो गोडपणा संपला, कारण हेच त्यांना नको होतं. आपण ठीक आहोत आणि बाकीचे चुकतायत असं समजत हसत बसणारी त्यांची अम्मी त्यांना व्हायचं नव्हतं. त्यासाठी त्यांनी सगळं जग सोडून मला निवडलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गरजेपेक्षा जास्त वेळ बाकावर बसले. मग आत गेले.

"मॅडम, काल सही केलेल्या संचात चिन्ह उलटं आहे. वजा करायचं तिथं मिळवलंय."

"कुणी?"

"तुम्ही."

"कशाच्या मानानं?" आवाज असा होता की मी दोन पावलं मागं सरले.

"माझ्या."

"आणि तू कशाच्या मानानं?"

"जावयाच्या. तिघांना लावून बघितलं मी." गोड करून सांगायचं नव्हतं. "ही पहिली वेळ नाही, मॅडम. दिवाळीपासून चाललंय. हे वाळवण आहे."

मला वाटलं होतं, त्या मान हलवतील. 'शाब्बास' म्हणतील. कदाचित डोक्यावर हात ठेवतील. मी रात्री अंथरुणात हे सगळं मनाशी रचून आले होते.

त्या उठून उभ्या राहिल्या. "करमाडची पोरगी तू! अधिक-वजा मी शिकवलं तुला. फळ्यावर पुसून पुसून शिकवलं. माझी जागा पाहिजे ना तुला? सरळ माग. हे असं जावयाला मध्ये घालून नक्को मागू. बाहेर हो. माझ्या खोलीच्या बाहेर हो!"

मी बाहेर येऊन बाकावर बसले आणि हमसून हमसून रडले. आईनं कधी मला असं हाकललं नव्हतं. कडुबा जिन्यात उभा होता, त्यानं सगळं ऐकलं होतं.

"लई लागलं का ताई?"

"व्हय," मी म्हटलं.

त्यानं हातातली टोपी फिरवली. "चिडल्या म्हंजी डोक्यानं अजून घरातच हायेत त्या," तो म्हणाला. "नुसत्या हसल्या असत्या तं अवघड होतं." आणि चहा आणायला गेला.

दाराला एक काचेची पट्टी आहे, तिच्यातून मला आतलं दिसत होतं. मॅडमनी खोक्याची चिकटपट्टी कापली. नोंदी पुन्हा काढल्या. फळ्यावर हिशेब मांडला, पुसला, पुन्हा मांडला. माझं टोक रिकामंच होतं. दर वेळी त्या आकडा लिहायच्या आणि मागं सरून त्याच्याकडं बघत राहायच्या. मग कितव्या तरी खेपेला त्यांनी वजाचं चिन्ह लिहिलं, त्यावर बोट ठेवलं आणि तशाच उभ्या राहिल्या. दुपारी बाहेर आल्या तेव्हा अंगात स्वेटर नव्हता. "गाडी परत पाठव, कडुबा," म्हणाल्या. "संच आज जाणार नाही." माझ्याकडं त्यांनी बघितलं नाही. जिना उतरून गेल्या.

त्यानंतर त्या आल्या नाहीत. त्यांचे भाऊ येऊन मालकांना भेटून गेले. खोली माझ्याकडं आली आणि सहीसुद्धा. त्यांनी रागात माझ्यावर घातलेला आळ असा अक्षरशः खरा झाला, आणि मी तो कुणाकडं खोडून काढणार होते? सही करताना पहिले काही महिने माझा हात जड व्हायचा. काम सांगितलं होतं तसं केलं, पण ज्यांनी सांगितलं त्यांनीच पावती दिली नाही. मला राग यायचा. मग रागाचाही राग यायचा.

मी रोशन गेटला त्यांच्या घरी जायला लागले. सुरुवातीला मला बघून त्या तोंड फिरवायच्या आणि भावजय ओशाळून म्हणायच्या, "आज तबियत ठीक नाही." मी चहा पिऊन परत यायचे. पुढं त्या तोंड फिरवेनाशा झाल्या. मला ते बरं वाटलं, आणि मग ध्यानात आलं की त्यांना मी कोण हे आठवत नाही म्हणून फिरवत नाहीत. आता त्या मला हसून जवळ बसवून घेतात. हात हातात घेतात. कुठून आलीस, विचारतात. करमाडहून म्हटलं की म्हणतात, लांब आहे. आताशा त्या कशाच्या मानानं ते विचारत नाहीत.

परवा गेले तेव्हा त्या खिडकीशी बसल्या होत्या. गल्लीत पोरं पतंगासाठी भांडत होती. त्यांना काहीतरी ऐकायचं असतं, काहीही चालतं, म्हणून मी आमच्या कामाच्या गोष्टी सांगत असते. त्या दिवशी कशी कोण जाणे, तीच गोष्ट तोंडात आली.

"आमच्या तिथं एक मॅडम होत्या," मी म्हटलं. "फार हुशार. पण पुढं पुढं चुकायला लागल्या. आणि त्यांनी मला आधीच सांगून ठेवलं होतं, की मी चुकले की तू सांग."

"मग सांगितलं तू?"

"सांगितलं."

"चिडली असंल."

"लई चिडल्या. मला खोलीबाहेर काढलं."

त्यांनी माझ्या हातावर दुसरा हात ठेवला. "चिडू दे. चिडणारच ना, बेटा. पण सांगायला पाहिजे होतं. तू सांगितलं ते चांगलं केलं."

माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. त्यांनी ते ओढणीच्या टोकानं पुसलं, जरा घाईघाईनं, अनोळखी मुलीचं पुसावं तसं.

"मग कुठं असते ती आता?"

"घरीच असतात."

"एकटी?"

"नाही. घरची माणसं आहेत. मीही जाते अधूनमधून."

त्या बाहेर गल्लीकडं बघत राहिल्या. मग माझा हात दाबून म्हणाल्या, "जात जा. अशा बाईकडं कुणी जात नसतं."